अर्थाचा पत्ता नाही, तरी जगभर

बारसं जवळ आलं की घरोघरी 'नावाचा अर्थ काय?' असा जो तगादा सुरू होतो, त्याला माझं एकच उत्तर आहे: मिरियम. या हिब्रू नावाचा नक्की अर्थ अजून कुणाला लागलेला नाही. कुणी 'कडू' म्हणतं, कुणी 'बंडखोर', तर कुणी थेट इजिप्तच्या जुन्या भाषेत शिरून 'लाडकी' म्हणतं. संत जेरोमनं लॅटिनमध्ये 'समुद्राचा थेंब' असा अर्थ दिला होता. पुढे नकला उतरवणाऱ्यांच्या हातून 'स्तिला'चं 'स्तेला' झालं, म्हणजे थेंबाचा तारा, असं बरेच अभ्यासक मानतात. दर्यावर्दी मग शतकानुशतकं त्या समुद्रताऱ्याला, म्हणजे हेच नाव असलेल्या येशूच्या आईला, साकडं घालत राहिले!

नाव चाललं ते बाईमुळे. बायबलमध्ये इस्राएली लोकांना इजिप्तच्या गुलामीतून सोडवणाऱ्या मोशेची ही बहीण. समुद्र पार झाल्यावर डफ घेऊन बायकांना नाचवणारी. पुढे भावाविरुद्ध बोलली म्हणून अंगावर कोड फुटलं, सात दिवस छावणीबाहेर काढलं. (तिच्या जोडीनं बोललेला भाऊ अहरोन मात्र सुटला, हे जाता जाता.) पण ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. मला हा तपशील फार आवडतो.

येशूच्या काळी यहुदी मुलींत हेच नाव सगळ्यात जास्त; त्याच्या आईचंही हेच, मरिया. क्रुसापाशी इतक्या मरिया, की एकीला मग्दाला गावावरून मग्दालिया म्हणावं लागलं. मग लॅटिनची मारिया, इंग्रजांची मेरी, रशियनांची माशा. कुराणात तर नावानिशी आलेली एकमेव स्त्री म्हणजे येशूची आई मरियम. १९वी सुरा तिच्याच नावाची. स्पेनमध्ये मारियांची एवढी गर्दी झाली, की येशूच्या आईच्या बिरुदांचीच नावं पडली: डोलोरेस, पिलार, मर्सिडीज. हो, तीच मर्सिडीज. एमिल येलिनेक या ज्यू घराण्यातल्या व्यापाऱ्यानं डाइमलरच्या गाड्यांना आपल्या लेकीचं नाव दिलं. म्हणजे नाव हिब्रूतून निघून, चर्चमधून फिरून पुन्हा एका ज्यू घरात, आणि तिथून बॉनेटवर!

आपल्याकडे वांद्र्याच्या टेकडीवर येशूची ही आई मोतमाउली झाली. सप्टेंबरच्या जत्रेत पायथ्याच्या दुकानांतून मेणाचे हात, पाय, बाळं, चक्क मेणाची घरंसुद्धा मिळतात. ज्याचं जे मागणं, ते तिच्यापुढे ठेवायचं. रांगेत हिंदू कोळणी असतात, त्यांना नावाची व्युत्पत्ती कुणी विचारत नाही.

आणि मीरा महादेवन. १९६९ साली दिल्लीत बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेशेस' ही पाळणाघरं सुरू करणाऱ्या. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरातल्या; जन्मनाव मिरियम. त्यांच्या आईवडिलांनी हे नाव ठेवताना अर्थ पाहिला असेल असं मला वाटत नाही. नदीकाठच्या लव्हाळ्यात टोपलीतल्या तान्ह्या भावावर, मोशेवर, नजर ठेवून उभी असलेली बहीण त्यांना पुरेशी वाटली असेल.