पेशंटचं जेवण म्हणे!

संध्याकाळी जेवणाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. भात, लसणावर परतलेला पाला, वाफवलेलं अंडं आणि वाडगाभर सूप. दोन मिनिटांत एका नातेवाइकांचा मेसेज: "हे काय, पेशंटचं जेवण? चीनमध्ये राहून धड चायनीज मिळत नाही?" खाली चौघांचे हसरे चेहरे.

उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. शेवटी म्हटलं, इथेच लिहू. तिकडे उगाच भांडण नको.

ग्वांगझूला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात मी तापाने फणफणले होते. इथे बर्फबिर्फ पडत नाही, पण घरं गरम करायची सोय नसते आणि दमट गारठा हाडांत शिरतो. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई पोचे आलेला निळा फ्लास्क घेऊन दारात उभ्या. त्यांना सगळे 'आयी' म्हणतात. म्हणजे मावशी. पण अंगात ताप आणि समोरच्या बाईला 'आयी' म्हणायचं म्हटल्यावर माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

फ्लास्कमध्ये कमळकाकडी आणि बरगड्यांचं सूप. हो, पोर्क. नाक मुरडून झालं असेल तर पुढे वाचा. कमळकाकडीचा तुकडा दातांनी तोडला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे ओढले जातात. तळाशी शेंगदाणे, दोन वाळवलेली लाल बोरं, आणि संत्र्याच्या सालीचा काळपट तुकडा. ही साल शिनह्वे गावची, वर्षानुवर्षं वाळवून ठेवलेली. जितकी जुनी तितकी महाग. मसाला म्हणाल तर आलं आणि मीठ. बस.

आणि याला तुम्ही पेशंटचं जेवण म्हणता? (बरं, त्या दिवशी मी पेशंट होते. सोडा.)

नंतर आयीनेच शिकवलं. हाडं आधी गार पाण्यात घालून उकळायची, वर येणारा मळकट फेस पाण्यासकट ओतून टाकायचा, हाडं धुवायची, मग नव्या पाण्यात मंद आचेवर दोन-तीन तास. मीठ अगदी शेवटी. मध्येमध्ये झाकण उघडलं की ओरडते. इथे सूप आधी पितात, भात मागून. उन्हाळ्यात कोहळ्याचं, शरदात हवा कोरडी झाली की नासपतीचं. तळलेलं खाल्लं की उष्ण पडतं म्हणून लगेच थंड गुणाचं सूप. हे ऐकून मी खो खो हसले होते, कारण माझी आजी वेगळं काय सांगायची?

राग कशाचा येतो सांगू? कॉर्नफ्लोअरच्या खळीत सोया सॉस ओतून वर तळलेल्या नूडल्स भुरभुरवल्या की ते 'धड चायनीज', आणि आयी तीन तास गॅसपाशी उभी राहते ते आजाऱ्याचं! मंचाव सूप म्हणजे काय हे आयीला विचारा एकदा, ती तुमच्याकडे बघत राहील. बरं, घट्ट सूप इथेही असतं, 'कंग' म्हणतात. आणि मंचाव मलाही आवडतं, पावसात तर फारच. पण म्हणून?

गाउट (सांधे सुजण्याचा आजार) असलेल्यांनी हे हाडांचं सूप जपून प्यावं, असं इथले डॉक्टरच सांगतात. मान्य. आयीच्या नवऱ्याचा पायाचा अंगठा सुजतो, त्याला ती अर्धाच वाडगा देते. तो गुपचूप दुसरा घेतो.

जिन्यात भेटली की ती विचारते, "सिक् चो फान् मेय?" जेवलीस का? दुसरं काही नाही. पगार किती, लग्न कधी, काही नाही. (खोटं कशाला बोलू, लग्नाचंही विचारते.)

लिहिता लिहिता राग उतरला. तो पहिला फ्लास्क परत देताना मी धुऊन त्यात चार चमचे साखर घातली होती, रिकामं भांडं परत द्यायचं नसतं म्हणून. आयीने झाकण उघडून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, परत वास घेतला. मला तेव्हा भाषा येत नव्हती, तिला वाटलं सूप अळणी लागलं म्हणून तक्रार करतेय.

आता कळतं तिला. ती साखर वेगळ्या बरणीत ठेवते आणि आलं-रताळ्याच्या गोड सूपात घालते. आजचा फ्लास्क धुऊन दारापाशी ठेवलाय, साखर घालायची राहिलीये.