फ्लूच्या दिवसांत पेशंटला बघायला जाऊ नका

घरोघरी कोणी ना कोणी खोकतंय, आणि तरी संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये भेटायला येणाऱ्यांची गर्दी तशीच आहे. मला हे फार अस्वस्थ करतं.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने १४ वर्षांची मुलगी गेली. देशातला तो पहिला मृत्यू. तेव्हा शाळा, मॉल, थिएटरं बंद झाली, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. पुढे २०१५ आणि २०१७ या दोन्ही वर्षी देशभरात दोन हजारांहून जास्त माणसं दगावली, त्यात महाराष्ट्रातली कितीतरी. तो विषाणू गेला नाही. पावसाळ्यात आणि थंडीत तो येतोच, आपली भीती मात्र गेली.

धडधाकट माणूस आठवड्यात उठून कामाला लागतो. वॉर्डातल्या माणसाचं तसं नसतं. कोणाची बायपास झालेली, कोणी डायलिसिसवर, कोणाची केमो चालू. त्यांना फ्लू झाला की न्यूमोनिया, मग व्हेंटिलेटर. हृदयावरही ताण येतो: २०१८ मध्ये आलेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट आढळलं. अशा वेळी मृत्यूच्या दाखल्यावर फक्त हृदयविकार लिहिला गेला, तर फ्लूचं नावसुद्धा कुठे येत नाही.

आणि हा फ्लू त्यांच्यापर्यंत आणतं कोण? बऱ्याचदा आपणच. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून माणूस संसर्ग पसरवू शकतो, म्हणजे ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्याचाही भरवसा नाही. शहाळं घेऊन, दोन मुलांना सोबत घेऊन काका-मावशी येतात, उशाशी बसून डोक्यावरून हात फिरवतात. ‘नाही गेलो तर काय म्हणतील?’ ही धास्ती आपल्याकडे फार खोल आहे. पेशंटच्या घरच्यांनीच स्पष्ट सांगावं: येऊ नका, फोन करा, डबा खाली गेटवर द्या. राग आला तर येऊ दे.

हॉस्पिटलांनाही सोडून चालणार नाही. नर्स, वॉर्डबॉय, मावशी यांना दरवर्षी लस मिळायलाच हवी, आणि ताप असताना पगार न कापता रजाही. अंगात ताप असताना त्यांना ड्यूटीवर बोलावणं हा पेशंटवरचाच अन्याय आहे.

वॉर्डातल्या पेशंटला अचानक ताप-खोकला आला तर डॉक्टरांना लगेच विचारा, ‘फ्लू असेल का?’ ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. संशय पक्का असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नये, असं सरकारी मार्गदर्शक सूचनाही सांगतात.