टॉवेलवाल्यांचं बेट

मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका जुन्या, अवाढव्य रिसॉर्टात आमची ही तिसरी खेप. तिन्ही वेळा वैताग तोच: टॉवेल! सकाळी सहाला, सूर्य नुकता समुद्रातून वर येतोय, आणि सुरूच्या सावलीतल्या एकूण एक आरामखुर्चीवर निळा टॉवेल पसरलेला. माणूस एकही नाही. माणसं खोलीत घोरतायत! आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, पण तो रुमालवाला निदान दोन मिनिटांत धापा टाकत येतो तरी. हे साहेब उगवणार अकराला, नाश्ता हाणून.

‘अर्धा तास रिकामी खुर्ची दिसल्यास टॉवेल उचलू’ अशी पाटी आहे. उचलत कुणी नाही. विचारलं की गोड हसतात. कायद्यानं इथली भरतीरेषेपर्यंतची वाळू सगळ्यांची आहे म्हणे. म्हणजे बसा खुशाल, भाजत!

‘‘आपणही टाकू की,’’ बायको म्हणाली. इथलं घड्याळ भारताच्या दीड तास मागे, त्यामुळे साडेचारला डोळे टक्क उघडे असतातच. आज अंधारात जाऊन दोन टॉवेल टाकून आलो. चहा घेऊन परत जातो तर काय, आमच्या टॉवेलांवर दुसऱ्याचे टॉवेल!