पहिल्या नंबरची नर्स

१२ मे, म्हणजे आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन, जवळ आला की हातात दिवा घेतलेल्या फ्लोरेन्सबाईंचं चित्र सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतं. खाली ठरलेली ओळ, 'पांढऱ्या कपड्यांतल्या देवदूतांना सलाम.' हॉस्पिटलांत केक कापतात, मेणबत्त्या लावून शपथ होते, एकेक गुलाब हातात पडतो. आणि नाइटला त्याच देवदूतांपैकी दोघी अख्खा वॉर्ड सांभाळतात.

आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल मोठ्या होत्याच, त्यावर वाद नाही. पण गंमत अशी की हा दिवस जगभर साजरा करवून घेणारी जी संघटना आहे, इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस, ती १८९९ मध्ये उभी केली एका वेगळ्याच बाईनं. आणि या दोघी एका मोठ्या भांडणात समोरासमोर होत्या. त्या दुसऱ्या बाईचं नाव एथेल बेडफोर्ड फेनविक. आपल्याकडे नर्सिंगच्या पुस्तकाबाहेर तिचं नाव कुणी घेत नाही. मला विचाराल तर आजच्या सिस्टरांच्या जास्त कामाची हीच.

माहेरची एथेल मॅन्सन. जन्म १८५७ चा, स्कॉटलंडमधल्या एल्गिनजवळचा. नॉटिंगहॅम आणि मँचेस्टरला शिकली, लंडनमध्ये वॉर्ड सिस्टर झाली, आणि १८८१ मध्ये सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलची मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सची प्रमुख. वय चोवीस! बाराव्या शतकापासून चालू असलेलं हॉस्पिटल ते. तिथं तिनं नर्सचं शिक्षण वाढवून तीन वर्षांचं केलं. १८८७ मध्ये एका डॉक्टरशी लग्न केलं आणि रिवाजाप्रमाणे नोकरी सुटली. ही बाई घरी बसेल असं ज्यांना वाटलं असेल, त्यांची पुढची बत्तीस वर्षं वाईट गेली.

त्या काळात इंग्लंडमध्ये कुणीही एप्रन चढवावा आणि नर्स म्हणवून घ्यावं, अशी मोकळीक होती. तीन वर्षं शिकलेली नर्स आणि चार महिने वॉर्डात झाडलोट केलेली सुद्धा नर्स. पेशंटला कळायचा मार्ग नाही. लग्न झालं त्याच वर्षी एथेलनं ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली. मागणी साधी होती. शिक्षण ठरावीक वर्षांचं, परीक्षा सगळ्यांना एकच, पास होणारीचं नाव सरकारी रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टरमध्ये नाव नसेल तर नोंदणीकृत नर्स म्हणवून घ्यायचं नाही. डॉक्टरांना हे १८५८ पासून मिळालेलंच होतं.

याला विरोध कुणी करावा? खुद्द फ्लोरेन्सबाईंनी. त्यांचं म्हणणं, नर्सचा स्वभाव, तिची माया, तिचं चारित्र्य परीक्षेत मोजता येत नाही. नाव एकदा वहीत चढलं की पुढे ती नर्स कशी वागते ते वही सांगणार नाही. आणि हे सगळं फार लवकर होतंय. अर्धं खरं आहे हे. नोंदणी असूनही पेशंटच्या हाकेला मोबाइलमधून मान वर न करणाऱ्या सिस्टर मीही पाहिल्यात. पण असे डॉक्टर पाहिले नाहीत का? म्हणून डॉक्टरांची नोंदणी कुणी रद्द करा म्हणत नाही. माया मोजता येत नाही हे कारण बायकांच्याच कामाला कसं बरोबर लागू होतं, हा माझा जुना राग आहे.

आणि मायेच्या या पडद्यामागे पैसा होता. लंडनच्या हॉस्पिटलांच्या कारभाराची चौकशी १८९० च्या सुमाराला हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनं केली. तिच्यापुढे आलेल्या तक्रारींतली एक अशी: एक मोठं हॉस्पिटल शिक्षण पुरं न झालेल्या मुलींना 'प्रशिक्षित नर्स' म्हणून श्रीमंतांच्या घरी पाठवतं आणि फी आपल्या तिजोरीत टाकतं. मुलीला तिचा ठरलेला तुटपुंजा पगार, वर सेवेचं पुण्य. रजिस्टर आलं असतं तर हा धंदा बसला असता. नोंदणीला सगळ्यात कडवा विरोध याच हॉस्पिटलच्या कारभाऱ्यांनी केला, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

पुढची लढाई रटाळ आहे, म्हणजे खऱ्या लढाया असतात तशी. बैठका, ठराव, बिलं. तिची स्वतःची संघटना डॉक्टरांनी ताब्यात घेतली आणि तिलाच बाजूला सारलं. तिनं दुसरी काढली. नर्सिंगचं एक साप्ताहिक हाती घेऊन वर्षानुवर्षं स्वतः चालवलं आणि त्यातून विरोधकांची सालटी काढली. १९०४ पासून पार्लमेंटात बिलं येत राहिली, पडत राहिली. 'नर्सचा प्रश्न म्हणजे बाईचाच प्रश्न,' असं ती म्हणायची, आणि मताच्या हक्काच्या चळवळीतही होतीच. मग पहिलं महायुद्ध आलं. थोडंफार शिकवलेल्या हजारो स्वयंसेविका वॉर्डात उतरल्या. युद्ध संपल्यावर शिकलेल्या नर्सना धास्ती पडली की आता आपण आणि त्या एकाच मापात. १९१८ मध्ये तिशीपुढच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं. डिसेंबर १९१९ मध्ये नर्स नोंदणीचा कायदा झाला. रजिस्टर उघडलं तेव्हा पहिल्या क्रमांकावर नाव होतं एथेल बेडफोर्ड फेनविक.

तिची आरती ओवाळायला मात्र मी बसलेली नाही. बाई तिरसट होती. नर्स 'चांगल्या घरातली' हवी हा तिचा हट्ट, आणि चांगलं घर म्हणजे पैशाचं घर. पगारासाठी या कामात येणाऱ्या गरीब मुलींबद्दल तिला फारसं ममत्व नव्हतं. नोंदणीचं काम बघणाऱ्या ज्या नर्सिंग परिषदेसाठी जन्म घातला, तिच्या पहिल्याच निवडणुकीत नर्सनी तिला पाडलं! तिनं नोंदवून घेतलेल्या नर्सनीच. मला हा प्रसंग फार आवडतो. मत द्यायची यादी तिच्यामुळे तयार झाली, आणि तिच्या उपकाराखाली दबायला कुणी तयार नव्हतं.

१९४७ च्या मार्चमध्ये ती गेली. त्याच वर्षाच्या अखेरीला आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. मुंबई प्रांतात नर्स आणि सुइणींच्या नोंदणीचा कायदा त्याआधीच, १९३५ मध्ये आला होता. पुढे १९६६ चा महाराष्ट्राचा कायदा, आणि आता २०२३ चा राष्ट्रीय नर्सिंग आयोगाचा. म्हणजे कागदावर आपण कुठेच मागे नाही.

आता कागदाबाहेर या. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी नातेवाइकाजवळ रात्री थांबले होते. सलाइनची बाटली संपत आली, नळीत हवा दिसायला लागली. मी हाक मारली, "सिस्टर!" पांढरा ड्रेस घातलेली एक पोरगी धावत आली. चाक बंद केलं, नवी बाटली टांगली, नळीवर टिचक्या मारून हवा काढली, थेंब मोजले. हात सफाईदार. मी सहज विचारलं, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) कुठून केलंस गं? ती हसली. "नाही ताई, बारावी झालीय. इथंच शिकले. मॅडमनी शिकवलं." मग दबक्या आवाजात, "डॉक्टरांना नका सांगू हां मी सांगितलं म्हणून." पगार विचारला तर तिनं सांगितलेला आकडा इथं लिहायचीही मला लाज वाटते.

मुलगी हुशार होती. तिच्यावर माझा काडीचा राग नाही. तिच्या अंगावर तो ड्रेस चढवणाऱ्यावर आहे. उद्या तिच्या हातून काही चुकलं तर ती 'आमची हेल्पर' होते, आणि बिलात मात्र नर्सिंग चार्जेस वेगळे लागलेले असतात. तीन-चार वर्षं घालून, वडिलांचं कर्ज डोक्यावर घेऊन जीएनएम किंवा बीएस्सी झालेली मुलगी नोकरी मागायला गेली की तिला हिच्याच पगाराचा आकडा दाखवतात. परवडत नसेल तर राहू द्या, म्हणतात. दोघी फसतात, आणि पेशंट तिसरा.

खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सच्या पगाराचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. २०१६ मध्ये कोर्टाच्या आदेशावरून केंद्रानं समिती नेमली. तिची शिफारस होती की दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही वीस हजारांच्या खाली जाऊ नका. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली. पुढे काय झालं ते ज्या खासगीत राबतात त्यांनाच विचारा.

तर सिस्टर आणि ब्रदर मंडळींनो, तुम्हीच सांगा. तुमच्या भागात खासगीत सुरुवातीला किती देतात? जॉइन होताना रजिस्ट्रेशन नंबर विचारला होता का, की नुसता युनिफॉर्मचा साइज? ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतलं असेल तर तेही लिहा. हॉस्पिटलचं नाव नको, तालुका-जिल्हा पुरे. उघडपणे लिहायची भीती वाटत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, नाव न देता मी टाकते.