पाच वर्ल्ड कप आणि १८५० चा सप्टेंबर

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला की पेठापेठांत दोन तट पडतात. एक अर्जेंटिनाचा, एक ब्राझीलचा. मी जन्मापासून ब्राझीलवाला. म्हणजे वडील ब्राझीलवाले, म्हणून मी. परवा कट्ट्यावर वाद रंगला होता, तर पुतण्यानं एका दमात ब्राझीलचा इतिहास सांगून टाकला : १९५८, ६२, ७०, ९४, २००२. संपला इतिहास!

मी म्हटलं, माझ्याकडं दुसरी पाच सालं आहेत. १८३१, १८५०, १८८८, १९२४ आणि १९८५.

"काका, ह्यात कप कुठला?"

कट्ट्यावर उत्तर जमलं नाही, म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवातीचा भाग भराभर उरकतो. १५०० साली काब्राल नावाचा पोर्तुगीज सरदार तेरा जहाजं घेऊन आपल्याकडं, कालिकतला निघाला होता. वाटेत पश्चिमेला लांब वळसा घेतला आणि २२ एप्रिलला त्याला जो किनारा दिसला तो ब्राझील. नाव पडलं ते तिथल्या लाल रंगाच्या लाकडावरून. गंमत म्हणजे युरोपात 'ब्राझील' हे नाव आधी आशियातून येणाऱ्या लाल लाकडाचं होतं, आपण ज्याला पतंग म्हणतो त्याचं. तसलंच लाकूड इथंही सापडलं म्हणून तेच नाव देशाला चिकटलं. पुढं ऊस आला, ऊस म्हटल्यावर मजूर आले, आणि मजूर म्हणजे आफ्रिकेतून साखळदंडात आणलेली माणसं.

इथं मात्र थांबायला हवं. गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं अमेरिका येते, कापसाची शेतं येतात, लिंकन येतो. आफ्रिकेतून थेट आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरवलेली माणसं साधारण चार लाख. ब्राझीलमध्ये उतरवलेली अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास. चुकून वाचलं नाहीत तुम्ही, बारा पट. उसाच्या घाण्यावर आणि नंतर मिनास जेराइसच्या सोन्याच्या खाणीत माणूस फार वर्षं टिकायचा नाही. मालकाला त्याला जगवण्यापेक्षा नवा विकत घेणं स्वस्त पडायचं. समुद्रापलीकडं आफ्रिका होतीच.

१८०८ मध्ये नेपोलियनच्या भीतीनं पोर्तुगालचा अख्खा दरबार जहाजांत बसून रिओला पळून आला. (त्यानंतरची दहा-बारा वर्षं आपल्या शेजारच्या गोव्याचा कारभारही लिस्बनऐवजी रिओतून चालायचा. पणजीला जाताना ही गोष्ट कधी मनात आली नव्हती.) राजा परत गेला, युवराज मागं राहिला, आणि १८२२ मध्ये त्याच युवराजानं स्वातंत्र्य जाहीर करून स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. बापाच्या राज्यातून मुलगा वेगळा झाला. आपल्याकडं भाऊबंदकीत वाटणी होते तसं. १८२५ मध्ये पोर्तुगालनं ही वाटणी मान्य केली, तीही वीस लाख पौंडांच्या बदल्यात, आणि त्यातला मोठा वाटा म्हणजे पोर्तुगालचं लंडनमधलं कर्ज ब्राझीलनं स्वतःच्या डोक्यावर घेणं. मध्यस्थ इंग्रज. मध्यस्थाचीही एक अट होती : गुलामांचा व्यापार बंद करा.

म्हणून १८३१.

७ नोव्हेंबर १८३१ चा कायदा वाचला तर डोळे पाणावतील इतका चांगला आहे. यापुढं बाहेरून ब्राझीलमध्ये आणलेला प्रत्येक गुलाम स्वतंत्र. आणि त्यानंतर? पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सात लाखांहून जास्त माणसं चोरून उतरवली गेली. चोरून म्हणजे नावाला, सगळ्यांना माहीत होतं. पोर्तुगीजमध्ये तेव्हापासूनचा म्हणून सांगितला जाणारा एक वाक्प्रचार आहे, 'पारा इंग्लेस व्हेर'. इंग्रजाला दाखवण्यापुरतं. आपल्याकडं 'दाखवायचे दात वेगळे' म्हणतो, पण ह्यात ते दात कुणाला दाखवायचे हेसुद्धा सांगितलंय.

एका माणसानं मात्र हा दाखवायचा दात उपटून मालकांनाच चावायला लावला. लुईझ गामा. १८३० मध्ये साल्व्हादोरला स्वतंत्र आफ्रिकन आईच्या पोटी जन्म. दहा वर्षांचा असताना गोऱ्या बापानंच त्याला विकला. सतराव्या वर्षी अक्षरओळख झाली. आपण बेकायदा गुलाम आहोत हे कळल्यावर त्यानं स्वतःची सुटका करून घेतली, आणि मग पदवी नसताना साओ पाउलोच्या कोर्टांत वकिली करून पाचशेहून जास्त माणसं सोडवली. युक्तिवाद सरळ होता. हा माणूस १८३१ नंतर आफ्रिकेतून आणलाय, म्हणजे तुमच्याच कायद्यानं तो स्वतंत्र आहे, मग ह्याला कुठल्या हक्कानं डांबलंय? ब्राझीलच्या वकील संघटनेनं त्याला वकील म्हणून मान्यता दिली २०१५ मध्ये. तो १८८२ मध्येच वारला होता.

आता माझं मत, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. ब्राझीलच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना १५०० ची नाही, १८२२ ची नाही, १८८८ चीसुद्धा नाही. ती १८५० च्या सप्टेंबरात घडली, चौदा दिवसांत, आणि तिच्यावर कुणी पोवाडे रचत नाही.

४ सप्टेंबर १८५० : गुलामांच्या आयातीवर बंदी. या वेळी खरोखरची, कारण इंग्रजांच्या युद्धनौका ब्राझीलच्या बंदरांत घुसून जहाजं पकडायला लागल्या होत्या.

१८ सप्टेंबर १८५० : जमिनीचा कायदा. यापुढं सरकारी पडीक जमीन मिळेल ती फक्त विकत घेऊन. जंगल तोडून, रान कसून, वहिवाट दाखवून नवी जमीन आपली म्हणता येणार नाही. जमीन विकून येणाऱ्या पैशाचा एक उपयोगही कायद्यातच लिहिलेला : परदेशातून स्वतंत्र मजूर आणायचे.

हे दोन कागद शेजारी ठेवा. कॉफीच्या मळेवाल्यांना दिसत होतं की गुलामी आज ना उद्या जाणार. उद्या माणूस मोकळा झाला आणि देश तर असा अफाट, रानच रान. तो उठून दोन कोसांवर स्वतःचं खोपटं टाकील, मका-कसावा लावील आणि मळ्यावर फिरकणार नाही. मग कॉफी तोडायची कुणी? तेव्हा माणूस सुटायच्या आधी जमीन बांधून टाकली. आपल्याकडं 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा होती. तिकडं त्याच्या बरोबर उलटा कायदा झाला. हे कुणा एकाचं कारस्थान होतं असं मी म्हणत नाही, कायद्याचा मसुदा बरीच वर्षं संसदेत रेंगाळत होता. पण मुहूर्त नेमका कधी लागला ते बघा ना.

आणि सम्राट कोण होता? दुसरा पेद्रो, १८२२ च्या त्या युवराजाचा मुलगा. मला पूर्वी ह्या माणसाचं भारी कौतुक. संस्कृत शिकायचा, अरबी, हिब्रू शिकायचा, फोटोग्राफीचा षौक, टेलिफोनचं अप्रूप. आजही आहे थोडं कौतुक, खोटं कशाला बोलू. पण १८४० मध्ये कारभार हातात आल्यापासून १८८९ मध्ये गादी जाईपर्यंत एकोणपन्नास वर्षं, त्यातली अठ्ठेचाळीस त्याच्या राज्यात माणसं विकली जात होती. रिओच्या व्हालोंगो धक्क्यावर काही लाख आफ्रिकन उतरले होते. १८४३ मध्ये ह्याची नवरी इटलीतून जहाजानं येणार म्हणून त्याच धक्क्यावर नवी फरशी घातली आणि नाव दिलं सम्राज्ञीचा धक्का. नंतर तीही फरशी भराव टाकून बुजवली. २०११ मध्ये बंदराच्या नूतनीकरणासाठी खोदकाम झालं तेव्हा खालचे जुने दगड वर आले. २०१७ पासून ती जागा जागतिक वारसा आहे.

१८८८ कडं येऊ. १३ मे, राजकन्या इझाबेलनं सही केली, गुलामगिरी संपली. पाश्चात्त्य जगात सर्वांत शेवटी. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, त्यांनी गुलाम मुक्त केले म्हणून. त्या दिवशी ब्राझीलमध्ये माणसांच्या खरेदी-विक्रीची अजून पंधरा वर्षं शिल्लक होती.

सोन्याच्या लेखणीनं सही करणारी दयाळू राजकन्या, हे चित्र मला पटत नाही. तोवर मळ्यांवरून माणसं टोळ्याटोळ्यांनी पळून जात होती. त्यांना धरायला आम्ही जाणार नाही, असं लष्करातले अधिकारीच म्हणायला लागले होते. त्याआधी, १८८१ मध्ये, फोर्तालेझाच्या होडीवाल्यांनी गुलामांना जहाजापर्यंत न्यायला साफ नकार दिला. तिथं बंदर असं नव्हतंच, होडीशिवाय जहाज गाठता यायचं नाही. धंदाच बसला. त्या सेआरा प्रांतानं १८८४ मध्येच, देशाच्या चार वर्षं आधी, गुलामगिरी संपवली. होडीवाल्यांचा पुढारी फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेंतो. लोक त्याला समुद्राचा ड्रॅगन म्हणतात. राजकन्येआधी मी त्याचा फोटो लावीन.

कायदा दोनच कलमांचा. गुलामगिरी संपली, आणि याविरुद्ध जे काही असेल ते रद्द. बस्स. जमीन नाही, बी-बियाणं नाही, शाळा नाही. पुढच्याच वर्षी राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, झेंड्यावर 'सुव्यवस्था आणि प्रगती' लिहिलं. १८९० मध्ये नव्या सरकारनं फर्मान काढलं : परदेशी मजुरांना देश खुला, फक्त आशिया आणि आफ्रिकेतल्या मूळच्या लोकांना संसदेची परवानगी लागेल. इटलीहून जहाजं भरून माणसं आली, साओ पाउलोच्या सरकारनं तिकिटाचे पैसे भरले. त्याच वर्षाच्या शेवटी अर्थमंत्री रुई बार्बोसानं सरकारदरबारी असलेले गुलामांचे दस्तऐवज जाळायचा हुकूम दिला. कारण असं सांगतात की मालकांना भरपाई मागायला पुरावाच राहू नये. मान्य, हेतू चांगला असेल. पण आज तिथल्या एखाद्याला आपला पणजोबा कुठल्या जहाजातून आला ते शोधायचं असेल तर त्याच्या वाटच्या राखेचं काय?

मोकळी झालेली माणसं गेली कुठं? डोंगरावर. 'फाव्हेला' हा शब्दसुद्धा ह्याच काळातला. १८९७ मध्ये बाहियाच्या दुष्काळी मुलखात कानुदोस नावाची गरिबांची वस्ती लष्करानं चौथ्या मोहिमेत बेचिराख केली. तिथल्या एका टेकडीचं नाव फाव्हेला, त्या नावाच्या काटेरी झुडपावरून. लढून रिओला परतलेल्या सैनिकांना घरं मिळेनात, तेव्हा त्यांनी एका टेकडीवर झोपड्या घातल्या आणि तिलाच फाव्हेला म्हणू लागले. गरिबांना मारायला पाठवलेले गरीब, आणि परत आल्यावर तेही बेघर.

आता पुतण्यासाठी, १९२४.

रिओत व्हास्को द गामा नावाचा क्लब आहे. (हो, तोच वास्को. गोव्यात ह्याच्या नावाचं स्टेशन आहे.) १९२३ मध्ये ह्या क्लबनं काळे, मिश्रवंशी आणि कष्टकरी पोरं घेऊन रिओची स्पर्धा जिंकली. बड्या घरच्या क्लबांना झोंबलं. त्यांनी वेगळी लीग काढली आणि व्हास्कोला सांगितलं, यायचं तर तुमचे बारा खेळाडू काढा. कारण काय, तर खेळाडूला धड नोकरी हवी, लिहिता-वाचता यायला हवं. चेंडू पायानं मारायचा, आणि अट काय तर लिहिता-वाचता यायला हवं! एप्रिल १९२४ मध्ये क्लबच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कळवलं की ह्या अटीवर आम्हाला तुमची लीग नको. ब्राझीलच्या कपांचं कौतुक करणाऱ्यानं हे पत्र एकदा तरी वाचावं.

अक्षरओळखीची ही अट नवी नव्हती. १८८१ च्या निवडणूक कायद्यानं निरक्षरांना मतदार यादीबाहेर ठेवलं. सात वर्षांनी लाखो निरक्षर माणसं स्वतंत्र झाली, पण मत नाही. प्रजासत्ताक आलं तरी नाही. व्हार्गासची हुकूमशाही येऊन गेली, माळरानावर ब्रासिलिया ही नवी राजधानी उभी राहिली, १९६४ मध्ये लष्कर आलं, एकवीस वर्षांनी गेलं. निरक्षर ब्राझिलियन माणसाला मत मिळालं १९८५ मध्ये. पेलेनं तिसरा कप उचलून पंधरा वर्षं झाली होती. आपल्या अंगठेबहाद्दर आज्यांनी १९५२ लाच मत दिलं, आणि आपण त्यांच्या अंगठ्याची चेष्टा करतो.

कोल्हापूरकर म्हणून एक मिरवून घेतो, रागावू नका. सरकारी नोकऱ्यांतल्या रिक्त जागांपैकी पन्नास टक्के मागासांना, हा शाहू महाराजांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा. ब्राझीलच्या केंद्रीय विद्यापीठांत निम्म्या जागा सरकारी शाळांतल्या मुलांना आणि त्यात काळ्या, मिश्रवंशी, आदिवासी मुलांचा वाटा, हा कायदा २०१२ चा. तिथंही 'गुणवत्ता बुडणार' ही ओरड झाली. भाषा पोर्तुगीज, बाकी सगळं ओळखीचं.

आणि जमीन? गुलामीतून पळालेल्यांनी रानात वसवलेल्या गावांना तिकडं किलोम्बो म्हणतात. त्यातलं सर्वांत मोठं पाल्मारेस, जवळजवळ शंभर वर्षं टिकलं. त्याचा पुढारी झुंबी २० नोव्हेंबर १६९५ ला मारला गेला, आणि २०२४ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. अशी गावं आजही हजारांनी आहेत. राहत्या जमिनीची मालकी त्यांना द्यायची आणि कागद सरकारनं करून द्यायचा, हे कलम आलं १९८८ च्या राज्यघटनेत, गुलामगिरी संपल्याला शंभर वर्षं झाल्यावर. २०२२ च्या जनगणनेत किलोम्बोवाल्यांची पहिल्यांदा वेगळी मोजदाद झाली. तेरा लाखांवर माणसं निघाली. जमिनीचा सातबारा हातात पडलेल्या गावांत राहणारी त्यातली पाच टक्केही नाहीत.