हात हलले म्हणून जीभ आळशी होत नाही

मुलीच्या बारशापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज तीनदा येऊन गेलाय. शेवटचा सासूबाईंनी पाठवला, अगदी मनापासूनच्या काळजीने. ऐकू येणाऱ्या बाळाला खुणांची भाषा शिकवू नका, असं त्यात लिहिलंय. का, तर खुणांनी काम भागलं की बाळ बोलायचा आळस करतं, दोन भाषांनी गोंधळतं, खुणा म्हणजे नुसते हातवारे, आणि ते बहिऱ्यांपुरते. धडधाकट लेकराला कशाला? माझा दादा जन्मापासून कर्णबधिर आहे आणि मुलगी सहा महिन्यांची झाल्यापासून तिच्याशी हातांनी बोलतो. तेव्हा हे मला सोडून देता येत नाही.

आधी आळसाचं. आपण बाळाला टाटा शिकवतो, जयजय शिकवतो, चांदोबाकडे बोट दाखवायला शिकवतो. टाटामुळे बोलणं लांबेल असं कुठलीच आजी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. जिभेवर ताबा येण्याआधी हातांवर येतो, म्हणून बाळ आधी हातांनी बोलतं. अमेरिकेत आयव्हर्सन आणि गोल्डिन-मेडो यांनी १० मुलांचं बारकाईने निरीक्षण करून २००५ मध्ये लिहिलं, की मूल ज्या वस्तू आधी बोटाने दाखवतं त्यांची नावं पुढे त्याच्या बोलण्यात येतात. आणि शब्दाला खुणेची जोड जी मुलं लवकर देतात, ती दोन शब्दही लवकर जोडतात.

इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी ४० बाळं आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत पाहिली. काहींना ब्रिटिश सांकेतिक भाषेतल्या खुणा शिकवल्या, काहींना साधे हावभाव, काहींवर फक्त बोलण्याचा भर दिला, काहींना काहीच वेगळं केलं नाही. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आला: भाषेच्या वाढीत गटागटांत फरक नाही. खुणा करणारी मुलं मागे पडली नाहीत, पुढेही गेली नाहीत. फरक दिसला तो आयांमध्ये. खुणा शिकवणाऱ्या आया बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना जास्त प्रतिसाद देत होत्या.

त्यामुळे उलट्या बाजूचा मेसेजही मी पुढे पाठवणार नाही. ‘खुणा शिकवा, बुद्ध्यांक १२ गुणांनी वाढेल’ हा आकडा कॅलिफोर्नियातल्या अक्रेडोलो आणि गुडविन यांनी २००० साली एका परिषदेत मांडला होता, आठ वर्षांच्या मुलांबद्दल. तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात तो कधी छापला गेला नाही. बुद्धी वाढवायचं टॉनिक म्हणून खुणा शिकवणाऱ्यांची निराशाच होईल.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. दादाने शिकवलेली पहिली खूण पंख्याची, बोट वर करून गोल फिरवायचं. दहाव्या महिन्यात एका दुपारी लाईट गेली. ती पाळण्यात उताणी होती. वर पाहिलं, बोट फिरवलं, थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पंखा का थांबला, हे विचारत होती ती! तोंडात एकही शब्द नसताना. जिला एवढं विचारायचं आहे, ती आळशी कशी?

गोंधळाबद्दल फार लिहायची गरजच नाही. घरी मराठी, जिन्यात हिंदी, टीव्हीवर इंग्रजी ऐकत आपली मुलं वाढतात. कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलं तर जगभर खुणा आणि बोली दोन्ही शिकत मोठी होतात. एक अट मात्र आहे: खूण करताना तोंडाने बोलायचंही. मूल बोलायला खरंच उशीर करत असेल, तर खुणांना दोष देत बसू नका. आधी कान तपासून घ्या. या मेसेजचा मोठा धोका तोच आहे, दोष हातांवर जातो आणि कानांची तपासणी राहून जाते.

‘नुसते हातवारे’ म्हणणाऱ्याने दादाला चार वाक्यं बोलताना पाहावं. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, नकारही शेवटी, आणि भुवया व चेहरा व्याकरणाचं काम करतात. ती अमेरिकन सांकेतिक भाषेपेक्षा वेगळी आहे. मुळाक्षरं इथे दोन हातांनी, तिथे एका हाताने. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा कोश २०२१ मध्ये १०,००० शब्दांपर्यंत पोचला. नेटवर बाळांसाठी म्हणून दाखवतात त्या खुणा बहुतेकदा अमेरिकन असतात. शिकायच्याच तर इथल्या शिका, शक्य असेल तर कर्णबधिर माणसाकडूनच.

राहिलं ‘बहिऱ्यांपुरती’. हा शब्द मला लागतो. १८८० मध्ये मिलानला शिक्षकांच्या परिषदेने ठराव केला, की कर्णबधिर मुलांना शाळेत बोलूनच शिकवायचं, खुणांनी नाही. १३० वर्षांनी, २०१० मध्ये, व्हँकुव्हरच्या परिषदेने तो नाकारला आणि खेद व्यक्त केला. दरम्यान दादाचं बालपण होऊन गेलं. १९८०च्या दशकात त्याच्या शाळेत खुणा केल्या की हात बाकाखाली ठेवायला लावत. ‘प’ म्हणताना ओठांसमोरची कागदाची पट्टी हलली पाहिजे, म्हणून आई त्याला रोज आरशासमोर बसवायची. बोलायला शिकवलं म्हणून माझी तक्रार नाही. हात काढून घेतले, ही तक्रार आहे. खुणांनी जीभ आळशी होते, हेच तेव्हा आईलाही सांगितलं होतं.

मुलगी चौदाव्या महिन्यात ‘पं’ म्हणाली. आता आमच्याशी बोलताना ती बोट वर करतच नाही, तोंडानेच सांगते. रविवारी दादा आला की मात्र त्याच्या मांडीवर चढते, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते आणि मग बोट फिरवते. मामाला ऐकू येत नाही, हे तिला आम्ही अजून सांगितलेलं नाही.