यांना ‘विस्मृतीत गेलेल्या’ म्हणू नका

मागच्या शनिवारी आईला घेऊन नेदरलँड्समधल्या द हेगच्या माउरित्सहाउस या चित्रसंग्रहालयात गेले होते. आई दोन महिन्यांसाठी नाशिकहून आलीय. तिथल्या क्युरेटरबाई स्त्रियांनी काढलेली जुनी स्थिरचित्रं दाखवणार होत्या. अशा चित्रकार बायकांना सर्रास ‘विस्मृतीत गेलेल्या’ म्हटलं जातं. आम्ही दहाबारा जण. दीड तासात चित्रं पाहिली फक्त तीन, आणि मला तेच फार आवडलं. एरवी लोक इथे येतात, मोत्याचं डूल घातलेल्या मुलीच्या प्रसिद्ध चित्रासमोर फोटो काढतात आणि निघतात.

पहिलं चित्र क्लारा पेटर्सचं, साधारण 1615 सालचं. ती अँटवर्पची. टेबलावर चीजचे मोठाले तुकडे, त्यावर बशीत लोण्याचे वळे, चिनी बशीत बदाम, मनुका, सुकी अंजिरं. पुढे चांदीची सुरी, तिच्या मुठीवर कोरल्यासारखं क्लाराचं नाव. मागे पेयाचा एक जग ठेवलाय. त्याच्या धातूच्या झाकणात नखाएवढा चेहरा दिसतो, तो तिचाच.

ज्यांनी शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलीय त्यांना हे काय आहे ते लगेच कळेल. आमच्यापुढे तांब्या, दोन वांगी आणि मागे निळं कापड होतं. तांब्याच्या तोंडाचा लंबगोल बसता बसत नाही. पोटावर पडलेला खिडकीचा उजेड चुकला की पितळेचा तांब्या मातीचा दिसायला लागतो. हिने तर त्या वाकड्या चकाकीत स्वतःचं तोंड बसवलंय!

मारिया फान ओस्टरवाइकच्या फुलदाणीपाशी थोडंच थांबलो. तिने घरच्या मोलकरणीलाही चित्रकला शिकवली होती, हे मात्र मनात राहिलं.

मग राखेल राउसची 1700 सालची फुलदाणी. ही फुलं एका वेळी फुलतच नाहीत. प्रत्येकाचा वेगळा अभ्यास करून त्यांचा हा गुच्छ चित्रातच बांधलेला असतो. तिचे वडील फ्रेडरिक राउस शरीरशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. झाडं-किडे बारकाईने बघायची सवय घरातच लागली आणि पंधराव्या वर्षी ती विलेम फान आल्स्टकडे शिकायला गेली. बायकांना नग्न मॉडेल समोर ठेवून शिकायची मुभा नव्हती, त्यामुळे माणसांनी भरलेल्या मोठ्या पौराणिक चित्रांची वाट जवळपास बंदच. उरली फुलंफळं. त्याला आपण ‘बायकांचा नाजूक हात’ म्हणतो, याचा मला राग येतो. पाकळीच्या कडेवर उजेड कुठे थांबतो हे कळायला वर्षानुवर्षं बघावं लागतं, त्यात नाजूक काय आहे?

तिला दहा मुलं झाली हे ऐकून आमच्यातले सगळे “अरे बापरे” म्हणाले. त्याच इमारतीत व्हर्मीरची चित्रं आहेत, त्या डूलवाल्या मुलीचा चित्रकार तोच. त्याच्या घरी पंधरा मुलं जन्मली. त्याच्या चित्रापुढे ती कोणी मोजत नाही.

आणि ‘विस्मृतीत गेलेली’ हा शब्द तर मला अजिबात पटत नाही. 1701 मध्ये हेगच्या चित्रकार मंडळाने राखेलला सभासद करून घेतलं, ती तिथली पहिली स्त्री. 1708 पासून ती जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या दरबाराची चित्रकार. त्र्याऐंशीव्या वर्षी काढलेल्या चित्रावर तिने सहीसोबत वयही लिहिलंय. 1750 मध्ये ती गेली, त्या वर्षी अकरा कवींनी तिच्यावर लिहिलेल्या कवितांचं पुस्तक निघालं. इतकी नावाजलेली बाई आपोआप विसरली जात नाही. पुढच्या पिढ्यांनी फुलांची चित्रं खालच्या दर्जाची ठरवली, तिच्यावर फारसं लिहिलं नाही, दाखवलं नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या मोठ्या संग्रहालयाच्या मानाच्या दालनात स्त्रियांची चित्रं पहिल्यांदा लागली 2021 मध्ये. एकट्या राखेलचं पहिलं मोठं प्रदर्शन म्युनिकला भरलं 2024 च्या नोव्हेंबरात. माउरित्सहाउसने क्लाराचं हे चित्र विकत घेतलं तेही 2012 मध्ये. हे ‘विसरणं’ माणसांनी केलंय, आणि चित्राशेजारच्या पाटीवर ते तसंच लिहिलेलं मला वाचायचंय.

फेरी संपल्यावर आई पुन्हा क्लारापाशी गेली. मघाशी गर्दीत तिला तो चेहरा सापडलाच नव्हता. चष्मा कपाळावर सरकवून, हात पाठीशी बांधून ती वाकली. रखवालदार दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

“दिसली गं,” आई म्हणाली, “डोक्यावर पांढरं काहीतरी बांधलंय तिने.”